चंद्र खाली का पडत नाही? : सर आयझॅक न्यूटन यांचे जीवन

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकनशायर परगण्यात वूल्सथॉर्प नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील एका दगडी शेतघरात २५ डिसेंबर १६४२ रोजी, म्हणजे इंग्लंडात त्या वेळी रूढ असलेल्या जुन्या कालगणनेप्रमाणे ऐन नाताळच्या दिवशी, एका मुलाचा जन्म झाला. दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेले ते बाळ इतके अशक्त होते की, त्याच्यासाठी काही वस्तू आणावयास धाडलेल्या दोन बायका वाटेतच निवांत बसून राहिल्या म्हणे. आपण परत जाईपर्यंत मूल हाती लागणार नाही, अशी त्यांची खात्रीच होती. बाळाचे वडील जन्माच्या तीन महिने आधीच वारले होते. ते जमीनजुमला राखून असलेले शेतकरी होते, पण त्यांना स्वतःची सही करता येत नव्हती. वडिलांचेच नाव मुलाला मिळाले : आयझॅक न्यूटन.

हे मूल पुढे ८४ वर्षे जगले. चंद्र आकाशातून खाली का पडत नाही, ग्रह सूर्याभोवती का फिरत राहतात, या अनादी काळापासून माणसाला पडलेल्या प्रश्नांची उकल त्याच्या हातून झाली. मात्र ती उकल एका दुपारी झाडावरून पडलेल्या सफरचंदामुळे झटकन झाली, असे जे सर्वत्र सांगितले जाते, त्याहून खरी हकिकत बरीच लांबलचक आहे. तिच्यात वीस वर्षांची प्रतीक्षा आहे, आणि योग्य वेळी पुढे आलेली काही माणसे आहेत. त्यांतील पहिला माणूस एक शाळामास्तर होता.

आयझॅक तीन वर्षांचा असताना त्याच्या आईने, हॅना यांनी, जवळच्या गावच्या एका वयस्क धर्मोपदेशकाशी पुनर्विवाह केला. सावत्र वडिलांच्या घरी मुलाला जागा नव्हती. तो आजीजवळ वूल्सथॉर्पलाच राहिला. आई हाकेच्या अंतरावर आहे आणि तरीही आपली नाही, ही जाणीव त्या कोवळ्या मनात खोल रुतली. १९ वर्षांचा असताना त्याने आपल्या हातून घडलेल्या पापांची एक यादी सांकेतिक लिपीत लिहून ठेवली. आई आणि सावत्र वडील यांना घरासकट जाळून टाकण्याची धमकी आपण दिली होती, अशी कबुली तीत आहे. सावत्र वडील वारल्यावर, आयझॅक दहा वर्षांचा असताना, आई तीन लहान मुलांना घेऊन परत आली. पण थोड्याच दिवसांत आयझॅकची रवानगी शिक्षणासाठी ग्रँथम या गावी झाली. माणसांवर चटकन विश्वास न टाकणारा, एकलकोंडा, अपमान सहजी न विसरणारा असा त्याचा स्वभाव याच काळात घडला असावा.

ग्रँथमच्या शाळेत मुख्यतः लॅटिन शिकवले जाई. आयझॅक एका औषधविक्रेत्याच्या घरी राहू लागला. प्रारंभी अभ्यासात त्याची काही चमक दिसली नाही. एकदा शाळेत जाताना एका दांडग्या मुलाने त्याच्या पोटात लाथ मारली. शाळा सुटल्यावर आयझॅकने त्याला आव्हान देऊन मारामारीत हरवले आणि नंतर अभ्यासातही त्याच्या पुढे जायचे ठरवून तो पहिल्या क्रमांकावर येऊन पोहोचला. रिकामा वेळ तो हत्यारे घेऊन काहीबाही बनवण्यात घालवी. गावात नवी पवनचक्की उभी राहत होती, तिची चालती प्रतिकृती त्याने केली. पाण्यावर चालणारे घड्याळ केले. पतंगाच्या शेपटीला कागदी कंदील बांधून रात्री उडवला आणि गावकऱ्यांना घाबरवले. भिंतींवर खुंट्या ठोकून, सूर्याची सावली खुणावून तो वेळ सांगत असे.

मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला तेव्हा आईने त्याला शाळेतून काढून घरी बोलावले. तिच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते. शेती मोठी होती, थोरला मुलगा हाताशी आला होता, आणि शेतकऱ्याच्या मुलाने शेती सांभाळावी ही रीतच होती. पण आयझॅकचे लक्ष शेतात लागेना. मेंढ्या राखायला पाठवावे तर तो झाडाखाली पुस्तक घेऊन बसे. १६५९ सालच्या स्थानिक न्यायसभेच्या दप्तरात त्याच्या नावावर दंड लागल्याची नोंद आहे : मेंढ्यांनी शेताची नासधूस केली, डुकरे दुसऱ्यांच्या धान्यात शिरली आणि कुंपण नादुरुस्त राहिले, हे त्याचे अपराध. बाजाराच्या दिवशी जुन्या नोकराबरोबर त्याला ग्रँथमला धाडले, तर खरेदी-विक्री नोकरावर सोपवून तो औषधविक्रेत्याच्या माळ्यावरील पुस्तकांत जाऊन बसे. नोकरचाकर त्याला बिनकामाचा समजू लागले.

येथे ग्रँथमच्या शाळेचे मुख्याध्यापक हेन्री स्टोक्स यांनी जे केले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक विद्यार्थी शाळा सोडून गेला, एवढ्यावर त्यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. असा मुलगा शेतीत अडकवून ठेवणे हे नुकसान आहे, आणि शेतीलाही त्याचा उपयोग नाही, हे त्यांनी आईला पटवले. धर्मोपदेशक असलेले मुलाचे मामा विल्यम यांनीही बहिणीची समजूत घातली. गावाबाहेरच्या मुलांना शाळेत चाळीस शिलिंग फी पडत असे, ती स्टोक्स यांनी माफ केली आणि आयझॅकला स्वतःच्या घरी राहण्यास जागा दिली. १६६० साली तो शाळेत परतला. पुढल्याच वर्षी, जून १६६१ मध्ये, त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. दोन पौंडांच्या त्या माफीची परतफेड जगाला कशी झाली, हे पुढे कळेल.

घरची स्थिती चांगली असूनही आईने पैसा हात आखडूनच दिला. म्हणून श्रीमंत विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची लहानसहान कामे करून शिकणारा विद्यार्थी, या नात्याने न्यूटन कॉलेजात दाखल झाले. अभ्यासक्रमात अजून ॲरिस्टॉटलचा पगडा होता. परंतु न्यूटन यांनी स्वतःच्या बळावर नव्या विद्वानांचे ग्रंथ वाचून काढले, आणि त्यांतूनच त्यांना आकाशाचा प्रश्न भेटला.

तो प्रश्न असा होता. कोपर्निकसने सूर्य मध्यभागी ठेवून पृथ्वीला ग्रहांच्या रांगेत बसवले होते. केप्लरने १६०९ आणि १६१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिले होते की, ग्रह वर्तुळात नव्हे तर लंबवर्तुळात फिरतात, सूर्याजवळ असताना वेगाने आणि दूर असताना सावकाश जातात, आणि जो ग्रह सूर्यापासून जितका दूर तितके त्याचे वर्ष मोठे, यालाही एक निश्चित गणित आहे. गॅलिलिओने १६१० साली गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दुर्बिणीतून पाहिले होते. ग्रह कसे फिरतात हे असे बरेचसे कळले होते, पण का फिरतात हे कोणालाच सांगता येत नव्हते. फ्रान्सच्या देकार्तने एक उत्तर दिले होते. सारे अवकाश एका सूक्ष्म द्रव्याने भरलेले आहे, सूर्याभोवती त्याचे भोवरे फिरत आहेत आणि पाण्याच्या भोवऱ्यात काडीकचरा फिरावा तसे ग्रह त्यात वाहत आहेत, असे त्याचे म्हणणे. पण त्या भोवऱ्यांतून केप्लरचे नियम काही निघत नव्हते.

पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते, ही कल्पनाही नवी नव्हती. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती असून जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते, असे स्पष्ट सांगितले आहे. मात्र हीच ओढ चंद्रापर्यंत पोहोचते काय, आणि पोहोचत असल्यास किती उरते, हे मोजून दाखवणे बाकी होते.

१६६५ साली इंग्लंडात प्लेगची भयंकर साथ आली. केंब्रिज विद्यापीठ बंद झाले आणि नुकतीच पदवी मिळालेले न्यूटन वूल्सथॉर्पला परतले. मधला थोडा काळ वगळता १६६७ पर्यंत त्यांचा मुक्काम तेथेच होता. या अवधीत त्यांनी कलनशास्त्राचा पाया घातला, लोलकातून जाणाऱ्या प्रकाशाचे रंग तपासण्यास प्रारंभ केला आणि गुरुत्वाकर्षणाचा विचार सुरू केला. सफरचंदाची गोष्ट याच बागेतली आहे. ती त्यांनी उतारवयात आपल्या स्नेह्यांना स्वतः सांगितली होती. फळ त्यांच्या डोक्यावर पडले, ही मात्र मागाहून जोडलेली गंमत आहे. त्यांच्या मनात आलेला विचार साधा होता. फळ नेहमी सरळ खाली, पृथ्वीच्या मध्याच्या दिशेने पडते. झाड उंच असले तरी पडते, डोंगरमाथ्यावरही पडते. मग ही ओढ एखाद्या उंचीवर अचानक संपते, असे का मानावे? ती चंद्रापर्यंत का जाणार नाही?

आणि ती जात असेल, तर चंद्र पडत का नाही?

याचे उत्तर समजण्यास गोफण उपयोगी पडते. शेतात पाखरे हाकताना गोफणीत दगड घालून ती डोक्याभोवती फिरवतात. दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला सतत हाताकडे ओढत असते. दोरी सुटली की दगड हातापासून उलट दिशेला पळत नाही, तर त्या क्षणी ज्या दिशेने चालला असेल त्या दिशेने सरळ सुटतो. गतीचा मूळ स्वभाव सरळ जाण्याचा आहे. वाकायचे असेल तर ओढ लागते. चंद्राला पुढे ढकलण्यासाठी म्हणून कोणाचीही गरज नाही. त्याचा वेग त्याच्याजवळच आहे आणि अवकाशात त्याला अडवणारे काही नाही. पृथ्वीची ओढ नसती तर तो सरळ रेषेत कायमचा निघून गेला असता. ती ओढ आहे म्हणून तो क्षणोक्षणी त्या सरळ रेषेपासून थोडा पृथ्वीकडे पडतो. म्हणजे चंद्र पडत नाही, हे म्हणणेच बरोबर नाही. तो अखंड पडत आहे. पण जितका पडतो तितकाच पुढेही सरकतो, म्हणून पृथ्वीपासूनचे त्याचे अंतर साधारण तेवढेच राहते.

आता हे मोजायचे कसे? केप्लरच्या नियमावरून न्यूटन यांना दिसले की ही ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत गेली पाहिजे. अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथा हिस्सा, तिप्पट झाले तर नववा हिस्सा. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. म्हणून तेथे ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पटींनी कमी असली पाहिजे. जमिनीजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट खाली येते. हिशेब खरा असेल तर चंद्राने सरळ मार्गापासून तेवढेच १६ फूट खाली येण्यास पूर्ण एक मिनिट घेतले पाहिजे. एक सेकंद आणि एक मिनिट, फळ आणि चंद्र, दोन्हींना एकच नियम.

तरुण न्यूटन यांनी आकडे मांडले. उत्तर बरेचसे जुळले, पण पुरते जुळले नाही. दोष नियमाचा नव्हता. पृथ्वीच्या परिघावरील एक अंश म्हणजे ६० मैल, हे त्यांनी धरलेले माप चुकीचे होते. खरे माप ६९ मैलांच्या आसपास आहे. शिवाय एवढ्या अवाढव्य पृथ्वीची ओढ जणू तिच्या मध्यबिंदूतूनच येते असे मानणे कितपत योग्य, याचाही पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि कोणाला काही सांगितले नाही.

त्यानंतर सुमारे वीस वर्षे लोटली. केंब्रिजमधील गणिताचे प्राध्यापक आयझॅक बॅरो यांनी या अबोल तरुणाची योग्यता ओळखली. १६६९ साली त्यांनी ते मानाचे पद सोडले आणि २६ वर्षांचे न्यूटन त्यावर आले. त्यांनी स्वतःच्या हातांनी आरसा घासून बनवलेली परावर्ती दुर्बीण पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीने १६७२ मध्ये त्यांना सभासद करून घेतले. परंतु प्रकाशाविषयीचा त्यांचा पहिलाच निबंध प्रसिद्ध होताच रॉबर्ट हूक या नामांकित शास्त्रज्ञाने त्यावर टीका केली. न्यूटन यांना टीका मुळीच सोसत नसे. काही प्रसिद्ध करणे म्हणजे भांडण ओढवून घेणे, अशी त्यांची समजूत झाली आणि ते आपल्या खोलीत, आपल्या वह्यांत मिटून गेले.

१६७९ साली आई आजारी पडली. न्यूटन केंब्रिज सोडून तिच्याकडे गेले, रात्ररात्र उशाशी बसले, तिच्या फोडांना आपल्या हातांनी मलमपट्टी केली. पण ती वाचली नाही. ते केंब्रिजला परतल्यावर हूक यांचे पत्र आले. ग्रहाची गती म्हणजे सरळ जाण्याची गती आणि मध्याकडील ओढ यांचा मिलाफ आहे, असे हूक यांनी सुचवले आणि त्यावर न्यूटन यांचे मत विचारले. या पत्रव्यवहारात न्यूटन यांच्याकडून एक चूक झाली व हूक यांनी ती चारचौघांत दाखवली. न्यूटन यांचा संताप झाला. पण त्या रागातच त्यांनी गणित सोडवले : ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर ग्रहाची कक्षा लंबवर्तुळ येते. हूक यांना कल्पना सुचली होती, पण ती सिद्ध करता आली नव्हती. न्यूटन यांनी सिद्ध केली आणि पुन्हा कागद बाजूला ठेवले.

जानेवारी १६८४ मध्ये लंडनला तीन विद्वानांत हाच विषय निघाला. एक हूक, दुसरे सुप्रसिद्ध वास्तुशिल्पी क्रिस्टोफर रेन आणि तिसरे २७ वर्षांचे खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली. आपल्याजवळ सिद्धता आहे, पण तूर्त ती सांगणार नाही, असे हूक म्हणाले. दोन महिन्यांत जो सिद्धता आणील त्याला चाळीस शिलिंग किमतीचे पुस्तक बक्षीस देऊ, असे रेन यांनी जाहीर केले. चाळीस शिलिंगच, जेवढी फी स्टोक्स मास्तरांनी एकदा माफ केली होती. मुदत टळली, कोणी काही आणले नाही. ऑगस्टमध्ये हॅली केंब्रिजला जाऊन न्यूटन यांना भेटले आणि त्यांनी सरळच विचारले की, ओढ अंतराच्या वर्गानुसार कमी होत असेल तर ग्रहाचा मार्ग कसा येईल. लंबवर्तुळ, असे न्यूटन यांनी तत्काळ सांगितले. कशावरून, असे विचारताच आपण ते गणित केले आहे असे ते म्हणाले. पण शोधून कागद सापडेना. नव्याने करून पाठवतो, असे त्यांनी वचन दिले.

नोव्हेंबरात नऊ पानांचा एक छोटा निबंध हॅली यांच्या हाती पडला. त्याचे मोल त्यांनी ओळखले आणि पुन्हा केंब्रिज गाठले. आता न्यूटन यांना थांबणे शक्यच नव्हते. पुढील सुमारे दीड वर्ष ते तहानभूक विसरून लिहीत राहिले. ताटातले जेवण तसेच राही. पृथ्वीचे नवे, अचूक मोजमाप फ्रान्सच्या पिकार्डने दिलेले होते. ते घालताच चंद्राचा जुना हिशेब चोख जुळला. एकजिनसी गोल बाहेरच्या वस्तूला जणू आपल्या मध्यबिंदूतूनच ओढतो, हेही न्यूटन यांनी सिद्ध केले. मग एकेक गाठ सुटत गेली. गुरूचे चंद्र, समुद्राची भरती-ओहोटी, धूमकेतूंचे मार्ग, ध्रुवांजवळ किंचित चपटी झालेली पृथ्वी, या सर्वांना एकच नियम लागू पडला. विश्वातील प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणाला ओढतो. पृथ्वी चंद्राला ओढते, तसा चंद्रही पृथ्वीला ओढतो.

हे सामान्य वाचकाला समजावे म्हणून न्यूटन यांनी एक कल्पित तोफ उंच पर्वतावर ठेवली. तिच्यातून गोळा आडवा उडवला तर तो काही अंतरावर जमिनीवर पडेल. दारू वाढवली तर आणखी दूर पडेल. पण पृथ्वी गोल आहे, तिची जमीनही खाली वळत जाते. आजच्या मापांत सांगायचे तर दर ८ किलोमीटरला ती सुमारे ५ मीटर खाली जाते, आणि गोळाही एका सेकंदात सुमारे तेवढाच पडतो. म्हणून सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर या वेगाने गोळा सुटला आणि हवेचा अडथळा नसला, तर तो जितका पडेल तितकीच जमीन त्याच्याखालून वळेल. तो पृथ्वीला वळसा घालून पुन्हा तोफेपाशी येईल आणि फिरतच राहील. ही आकृती त्यांच्या मृत्यूनंतर १७२८ साली प्रसिद्ध झाली. पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ साली सोडला गेला, तो याच तत्त्वावर.

भारताचा पहिला उपग्रह आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला, तोही याच नियमाने पृथ्वीभोवती फिरला. उपग्रह जितका उंच तितकी ओढ कमी, म्हणून त्याचा वेगही कमी पुरतो व फेरीला वेळ अधिक लागतो. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ही फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकीच होते. त्यामुळे तेथील उपग्रह एकाच जागी स्थिर दिसतो आणि घराच्या गच्चीवरील दूरदर्शनची तबकडी रोज हलवावी लागत नाही. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे यान मंगळाजवळ पोहोचले तेव्हा इंजिन चालवून त्याचा वेग मुद्दाम कमी करण्यात आला. तसे केले नसते तर मंगळाची ओढ त्याला धरून ठेवू शकली नसती आणि ते पुढे निघून गेले असते. अंतराळवीर तरंगताना दिसतात म्हणून तेथे गुरुत्वाकर्षण नसते, असा अनेकांचा समज आहे. तोही बरोबर नाही. ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे नऊ-दशांश असते. यान आणि माणसे एकत्रच पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही, इतकेच.

ग्रंथ तयार झाला, पण छापायचा कोणी? रॉयल सोसायटीने नुकताच माशांविषयीचा एक खर्चिक सचित्र ग्रंथ काढला होता. तो खपला नाही आणि तिजोरी रिकामी झाली. त्यातच हूक यांनी मूळ कल्पना आपली असल्याचा दावा केला. न्यूटन इतके चिडले की ग्रंथाचा तिसरा भाग, ज्यात आकाशातील गतींचा उलगडा होता तोच भाग, आपण देणार नाही असे त्यांनी कळवले. हॅली यांनी त्यांची मनधरणी केली. मुद्रिते तपासली, आकृत्यांकडे लक्ष दिले आणि सारा छपाईखर्च पदरचा घातला. वास्तविक वडिलांच्या आकस्मिक निधनानंतर ते स्वतःच अडचणीत होते. सोसायटीने त्यांना वेतनापोटी दिल्या त्या माशांच्या पुस्तकाच्या न खपलेल्या ५० प्रती! अखेर जुलै १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि न्यूटन यांचे नाव युरोपभर गेले.

यानंतरचे आयुष्य मानमरातबाचे होते. १६९३ साली त्यांची मनःस्थिती काही काळ पार ढासळली, पण ते त्यातून सावरले. १६९६ मध्ये ते लंडनच्या टांकसाळीत अधिकारी झाले व पुढे तिचे प्रमुख. खोटी नाणी पाडणाऱ्यांचा त्यांनी निष्ठुरपणे पाठलाग केला. १७०३ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद आणि १७०५ मध्ये सर ही पदवी त्यांना मिळाली. मात्र मनाचा मोठेपणा त्यांच्याजवळ बुद्धीच्या मानाने कमीच होता. हूक यांच्या वाट्याचे श्रेय त्यांनी मोकळ्या मनाने कधी दिले नाही. कलनशास्त्राच्या शोधावरून जर्मनीच्या लायब्निट्स यांच्याशी वाद झाला, तेव्हा चौकशी समितीचा अहवाल पडद्याआडून त्यांनी स्वतःच लिहिला. थोर पुरुषांचे चरित्र वाचताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. मुलांनी त्यांच्या बुद्धीचा आदर्श घ्यावा आणि मत्सराचा घेऊ नये, एवढा विवेक मुलांना असतो.

न्यूटन अविवाहित राहिले. २० मार्च १७२७ रोजी त्यांचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना सन्मानाने पुरण्यात आले. हॅली यांनी न्यूटनच्याच गणिताने एका धूमकेतूचे पुनरागमन वर्तवले होते. तो १७५८ च्या डिसेंबरात खरोखरच परत दिसला. तो पाहण्यास न्यूटन नव्हते, आणि हॅलीही नव्हते. युरेनसच्या चालीतील किंचित फरकावरून १८४६ साली नेपच्यून ग्रह सापडला, तोही याच नियमाच्या बळावर. विसाव्या शतकात आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा अधिक खोल अर्थ सांगितला, तरी यानांचे मार्ग आखताना आजही पायाभूत गणित न्यूटनचेच असते. भारतात जन्मलेले नोबेलविजेते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी आयुष्याची अखेरची वर्षे 'प्रिन्सिपिया' उलगडून सांगण्यात घालवली. त्यांचा तो ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला.

ग्रँथमच्या त्या जुन्या शाळेत खिडकीच्या दगडी कठड्यावर कोरलेले न्यूटनचे नाव आजही पाहुण्यांना दाखवतात. बाक, भिंती आणि कठडे यांवर नावे कोरणारी मुले प्रत्येक शाळेत असतात, आणि त्यांतील कोणाचे नाव पुढे जपले जाईल हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. हेन्री स्टोक्स यांनाही ते ठाऊक नव्हते. मेंढ्या नीट न राखणारा एक मुलगा वर्गातून नाहीसा झाला होता, तेवढे मात्र त्यांच्या ध्यानात आले होते, आणि ते त्याच्या घरी विचारायला गेले होते.